चहाआधी इंजिन

रघू, शिवानंदप्पांचा फोन आला होता. गोकुळ रोडवरच्या त्या काळ्या गाडीचं काय करायचं, असं विचारत होते. दुसरं गिऱ्हाईक आलंय, पण तुम्ही आधी बघून गेलात, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, सांगतो. त्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर काय म्हणतात? बोलले की नाही तुमच्याजवळ?" तुझ्यासारखा कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेला माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. तुझी बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग ती मी दिली. अशिलाला पुढची तारीख सांगावी तशी दिली. आवाज जरासुद्धा हलला नाही. पलीकडून "शिवा शिवा" आलं, आणि मग, "एकदा येऊन जावा, वकीलसाहेब. फोनवर नको."

सध्या माझं सगळं असंच चाललंय. तुझं दिवसकार्य आटोपलं. मी कोर्टात जातो, उभा राहतो, बोलतो. परवा एका केसमध्ये समोरच्या साक्षीदाराला असा घोळात घेतला की बाररूममध्ये लोकांनी पाठ थोपटली. घरी येऊन जेवलो. शैला विचारत होती, आमटीत मीठ बरोबर आहे का, आणि मला सांगता येईना. तिला वाटतं मी धीराचा आहे. धीर वगैरे काही नाही रे. पाय आखडून बसल्यावर बधिर होतो, चिमटा काढला तरी आपला वाटत नाही, तसं झालं होतं. मुंग्या यायला लागतील तेव्हा काय होईल, याची भीती वाटत होती.

पण शिवानंदप्पांना उत्तर द्यायचं होतं. आणि उत्तर तुझ्याकडे होतं. ती गाडी ऐकून तू हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस. "सांगतो," म्हणालास आणि गेलास. आयुष्यात कधी निकाल राखून ठेवला नाहीस, आणि राखलास तो माझा.

आपलं काम वाटलेलं होतं. मी बोलायचं, तू ऐकायचं. धारवाडात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तुला फोन यायचा, आणि तू मला फोन करायचास, कारण एकट्याने जमायचं नाही. मी मालकाला अंगणात गाठायचो. गाडी का विकताय, कुणी चालवली, कुठवर नेली, मुलगा कुठे असतो, जावई काय करतो. तोवर तू गाडीपाशी जायचास आणि पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवायचास. दुसरं काही बघायच्या आधी तो तळहात. बॉनेट कोमट लागलं की तू माझ्याकडे बघून मान हलवायचास. आपण यायच्या आधी मालकाने गाडी सुरू करून ठेवलीय, म्हणजे ती आता खरं सांगणार नाही. "पढवलेला साक्षीदार आहे, वकील," असं तू नंतर म्हणायचास. हा शब्द माझ्या कोर्टातला. तू तो उसना नेलास आणि कधी परत केला नाहीस.

आणि बॉनेट गार लागलं की तुझा चेहरा खुलायचा. "थंड आहे, बरं झालं." रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं तेल खाली उतरलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर ते वर चढेपर्यंत आतले भाग कोरडेच फिरतात, आणि काही झिजलं असेल तर तेवढ्यात ते बोलून जातं. नंतर गप्प. "एकदा गरम झालं की सगळी इंजिनं गोड बोलतात," हे तू प्रत्येकाला सांगायचास. मालकाने रेडिओ लावला असेल तर तू तो बंद करायचास, एसी बंद करायचास, मला खुणेने गप्प करायचास, आणि मान जरा डावीकडे कलती करून उभा राहायचास. लोक हसायचे. धारवाडात जन्म घेऊन गाण्याच्या बैठकीत घोरणारा माणूस डिझेल इंजिनापुढे डोळे मिटून उभा राहतो म्हणून मीही हसायचो. मग तू तेलाच्या तोंडावरचं झाकण उघडून आतून बोट फिरवायचास, साय धरल्यासारखं काही लागलं तर तेल आणि पाणी आत कुठे तरी एक झालंय. मग मागे जाऊन धूर बघायचास. पांढरा, काळा, निळा. मला आजही धुराच्या रंगांचे अर्थ नीट सांगता येत नाहीत. मला काय गरज होती?

आणि चहा नाही. तो आपला कडक नियम. इंजिन ऐकून होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा नाही.

तो नियम का झाला ते आठवतं ना? मालमड्डीतल्या त्या निवृत्त साहेबांकडे गेलो होतो, माझ्यासाठीच गाडी बघायला. आपण तरुण होतो आणि भूक लागलेली होती. गेल्या गेल्या चुरमुऱ्यांचं गिरमिट आलं, त्याबरोबर मिरच्या, मग चहा. तू म्हणालास, आधी गाडी बघतो. बाई म्हणाल्या, "असं कसं? आमच्याकडे आलायसा." मग बोलता बोलता निघालं की त्या तुझ्या आईच्या माहेरच्या गावच्या. झालं. पुन्हा चहा, आणि वाटीत पेढे. त्यानंतर साहेबांनी किल्ली फिरवली आणि अख्ख्या गल्लीत निळा धूर झाला. समोरच्या घरातली म्हातारी पदर नाकाला लावून आत गेली. साहेबांनी विचारलं, "कशी वाटली?" आणि आपण दोघं एका सुरात म्हणालो, "छान आहे." दुसरं काय म्हणणार? ज्याच्या घरचं गिरमिट खाल्लं त्याच्या गाडीला वाईट म्हणायची रीत आपल्यात नाही. ती गाडी मी घेतली. ती बेळगावच्या वाटेवर, कित्तूरच्या अलीकडे, अशी काही बसायची की तिथल्या पंक्चरवाल्याशी माझा घरोबा झाला. तेव्हापासून तू ठरवलंस, चहाआधी इंजिन.

त्यातूनच मग आपली खूण झाली. गाडी पसंत पडली की तू हात पुसत म्हणायचास, "चहा चालेल की." नापसंत असली की, "वकील, तुमची तारीख आहे ना?" मालकाच्या तोंडावर त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, एवढी तुझी सभ्यता. केशवापुरात एकदा तू भर रविवारी तारीख आहे म्हणालास आणि तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मला स्पेशल कोर्ट काढावं लागलं. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला आपण हसून हसून बसलो होतो.

दुसऱ्यांना तू कितीदा चहा चालेल म्हणालास. मला मात्र तारीखच. मला मोठी गाडी हवी होती, हे तुला पहिल्यापासून ठाऊक. लांब नाकाची, लाकडी पट्टीची, दार लावलं की बाहेरचं जग बंद होणारी जर्मन गाडी. नवी घ्यायची ऐपत नाही आणि ती कधी येणारही नव्हती, म्हणून जुनी. ती तू मला घेऊ दिली नाहीस. विद्यानगरातली रुपेरी गाडी इंजिनसकट धुऊन ठेवली होती, तर तू म्हणालास, एवढं धुऊन काय काढलं ते आधी विचार. दुसरी एक फारच कमी पळालेली होती, मी खूश, आणि तू म्हणालास, "पळाली नाही म्हणून चांगली कशी? उभी राहून आतले रबर वाळलेत." गोव्याच्या खाऱ्या हवेतून आलेली एक तर तू बॉनेट न उघडताच नाकारलीस. मी वाद घालायचो. तू ऐकून घ्यायचास आणि मग तेच तेच सांगायचास, की मोठी गाडी जुनी झाली की लहान गाडीच्या भावात मिळते, पण तिचं दुखणं लहान होत नाही, ते मोठ्या गाडीचंच राहतं. तिची एखादी गोष्ट निसटली की हुबळीत हात लावणारा मिळत नाही, आणि माझ्यासारखा माणूस बिघाड झाल्यावर आधी तुला शिव्या देईल.

शेवटी तू मला ती लहान पांढरी गाडी घेऊन दिलीस. तिला मी दप्तर म्हणतो. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. पण शैलाला भर पावसात दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्या दप्तराने एका किल्लीत आम्हाला नेलं, आणि आजवर मला रस्त्यात कधी सोडलं नाही. हे मी तुला सांगितलं होतं का? बहुतेक नाही. तुझ्यापुढे त्या गाडीची निंदा करायची सवयच लागली होती. म्हणून आता सांगतो. रघू, तुझे फार उपकार आहेत.

मग शिवानंदप्पांची काळी गाडी आली. हुबळीत गोकुळ रोडवर त्यांचं पंपाच्या भागांचं छोटं वर्कशॉप, त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी होती. माणूस सरळ. मुलगा बेंगळूरला गेला, मला एवढी मोठी गाडी अंगावर येते, म्हणाले. मी नेहमीप्रमाणे त्यांना बोलण्यात गुंतवलं, पण माझं लक्ष गाडीकडेच होतं. ताडपत्री निघाली आणि मी मनातल्या मनात आत जाऊन बसलो. तू तळहात ठेवलास. थंड होती. किल्ली फिरवलीस, मान कलती केलीस. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही, नुसता खर्जातला एक गोड आवाज. तू बंद केलीस, थांबलास, हात पुसलेस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. चहा की तारीख? तू काहीच म्हणाला नाहीस. शिवानंदप्पांना नमस्कार करून दप्तरात जाऊन बसलास.

परतताना उणकल तलाव येईपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस. तू चालवत होतास, मी बडबडत होतो.

"काय ते सांग की."

"पुन्हा एकदा ऐकायची आहे."

"म्हणजे आवाज आहे?"

"पुन्हा ऐकायची आहे म्हटलं ना."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला मला मोठ्या गाडीत बघवतच नाही, खरं काय ते बोल. इतकी वर्षं तू नाही म्हणत आलास, आता म्हाताऱ्या गुडघ्यांना तरी सुख मिळू दे. तू नवलूर ओलांडेपर्यंत ऐकलंस आणि म्हणालास, "गप बस की रे. इंजिन ऐकू येत नाही." दप्तराचं इंजिन! ते काय ऐकायचं होतं? सप्तापूरला तुझ्या फाटकाशी उतरलास. मी विचारलं, मग कधी? तू फाटकाची कडी लावत म्हणालास, "सांगतो."

त्यानंतर फोनवर आपण दोन-तीनदा बोललो, पण गाडीचा विषय तू टाळलास आणि मीही रागाने काढला नाही. मग एका सकाळी मालतीवहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. तू पलंगावर होतास, झोपेतच गेला होतास. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बघा हो जरा." काय बघू? मी तुझ्या कपाळावर तळहात ठेवला. थंड होतं. आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिलं जे आलं ते तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. थंड आहे, बरं झालं. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. काही सुरू होईल म्हणून माणूस जसा वाट बघतो तसा. मग कुणी तरी मला बाजूला घेतलं.

लोक आले, बसले. बहुतेकांच्या गाड्या तू बघून दिलेल्या. बाहेर रस्त्यावर ओळीने त्याच उभ्या होत्या. आणि त्यातल्या निम्म्या लोकांना एकच वाक्य सुचलं होतं. दुसऱ्यांच्या इंजिनातलं एवढं कळायचं, पण स्वतःच्या छातीतलं कळलं नाही बघा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान हलवली. नंतर मला त्या वाक्याचा इतका वीट आला की एकाला मी म्हटलं, "त्याने तुमची गाडी ऐकली होती, ती चालतेय ना? मग झालं." तू माणूस होतास रे, गाडी नव्हतास. तुझ्या बॉनेटवर हात ठेवायचं काम कुणाचं होतं? मी शेजारी बसून नुसता बोलत होतो. पण ते जाऊ दे. त्या वाटेला मी मुद्दामच जात नाही.

तुझा राखाडी स्वेटर वहिनींनी मला दिला. गाडी बघायला जाताना घालायचास तो. खिशात तुझं फडकं तसंच होतं, तेलाच्या वासाचं. वहिनी म्हणाल्या, "एक विचारू का भाऊजी? जायच्या आधीच्या आठवड्यात हे सकाळी लवकर उठून बसने हुबळीला गेले. नाश्तासुद्धा केला नाही. कुठे म्हटलं तर हसले नुसते. तुमच्याबरोबर होते का?" मी नाही म्हटलं. माझ्याशिवाय तू हुबळीला कशाला जाशील, तेही बसने, हे मला कळेना. त्या वेळी मी फार विचारही केला नाही. विचार करायला लागतं ते काही शिल्लकच नव्हतं.

शिवानंदप्पांच्या फोननंतर मी सकाळीच निघालो. तुझं फडकं खिशात टाकलं. हुबळीपर्यंतचा सगळा रस्ता मी गप्प होतो. बोलणार कुणाशी?

ते शेडच्या दारातच उभे होते. "बर्री वकील्र, कुंदर्री," या, बसा, म्हणाले. माझे दोन्ही हात हातात घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, आधी गाडी बघतो. त्यांनी ताडपत्री काढली. मी तळहात ठेवला. मला ते करताना विचित्र वाटलं, दुसऱ्याच्या जागी सही करावी तसं. थंड होती. मी आत बसलो, किल्ली फिरवली, मान डावीकडे कलती केली आणि डोळे मिटले.

आणि मला ऐकू आलं, रघू. पहिल्याच क्षणी, आतून कुठून तरी, डब्यात चार खिळे हलवल्यासारखं. खर्र झालं आणि गेलं. नंतर तोच खर्जातला गोड आवाज. मी बंद केली. थांबलो. पुन्हा लावली तर काही नाही. पण पहिलं मी ऐकलं होतं. इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभा राहून मला कधी काही ऐकू आलं नाही, कारण मी बोलत असायचो. तेल मोजायची काठी काढून, फडक्याने पुसून, तेल बघितलं. ते ठीक होतं. झाकणाखाली बोट फिरवलं. तेही ठीक. मग फक्त तो आवाज.

बाहेर आलो तर स्टुलावर चहा ठेवला होता. शिवानंदप्पा म्हणाले, "चा कुडीरी." मी उभाच राहिलो. तेव्हा ते कानडीत सांगायला लागले, हळूहळू, जणू माझी परवानगी घेत. मास्तर एकटे आले होते. सकाळी, मी शेड उघडतोय तेवढ्यात. बसने. गाडी थंड होती. त्यांनी ती ऐकली, बंद केली, बराच वेळ बॉनेटला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, आवाज आहे, शिवानंदप्पा. आतली चेन ढिली झाली आहे. मी म्हटलं, मग राहू द्या, मला खोटं विकायचं नाही. तर म्हणाले, नाही, त्याला द्या. चेन बदलून घेऊ, मी स्वतः उभा राहून करवून घेतो. नंतर दर रविवारी जाऊन ऐकत जाईन. त्याला काही कळायचं नाही, पण मी आहे ना.

"मग?" मी विचारलं.

"मग इथं बसले," ते स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले. "चा कुडदरू."

चहा प्याले. तू चहा घेतलास, रघू. माझ्या मोठ्या गाडीला, आवाज ऐकू येत असताना, तू चहा चालेल म्हणालास.

शिवानंदप्पा पुढे सांगत होते. मी विचारलं, वकिलांना फोन करून सांगू का? तर हसले. म्हणाले, मी सांगतो, तुम्ही बोलू नका. रागावलाय माझ्यावर. जरा तडफडू दे.

तिथे, रघू, त्या बधिर पायाला पहिली मुंगी आली. शेडच्या खांबाला धरून मी उभा राहिलो आणि मला तुझा भयंकर राग आला. सांगायचं होतं रे! फाटकाची कडी लावताना सांगायचं होतं, फोनवर सांगायचं होतं, बसमधून उतरून सरळ माझ्याकडे येऊन सांगायचं होतं. एवढा हो पोटात घेऊन तू झोपलास कसा? मला ‘नाही’ सांगायला तुला कधी उशीर झाला नाही. आणि एक ‘हो’ सांगायचा तर तुला माझी गंमत करायची होती. मी रडलो की नाही मला माहीत नाही. शिवानंदप्पांनी खांद्यावर हात ठेवला होता आणि मशीनवरचा माणूस मशीन बंद करून आमच्याकडे बघत होता, एवढं आठवतं.

मग ते म्हणाले, "हेंगैतरी? कशी वाटली? गाडी नेणार ना? मास्तरांनी हो म्हटलंय."

होय, तू हो म्हटलं होतंस. पण तो हो इंजिनाला नव्हता. इंजिनाबद्दल तू जे होतं तेच सांगितलंस, आवाज आहे. तू त्या गाडीला जामीन राहिला होतास. मी आहे ना, एवढ्यावर. जामीन राहणारा माणूस गेला की जामीन संपतो, हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको, मी त्यावरच पोट भरलंय. दर रविवारी येऊन मान कलती करून कोण उभं राहणार? तो खर्र वाढला की नाही हे मला कळणार नाही. मला एकदा ऐकू आलं म्हणजे कान आले असं नव्हे. एखाद्या दिवशी ती चेन निसटेल आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून शिव्या द्यायला तुला शोधीन. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला ती गाडी तुझ्याशी भांडून हवी होती. तू शेजारी बसून कुरकुरणार, मी काच खाली करून मिरवणार, असं ते सगळं होतं. एकट्याने त्या लांब नाकाच्या गाडीत बसून मी कुणाला दाखवू?

चहावर साय धरली होती. मी शिवानंदप्पांना म्हटलं, "ब्याडरी, नको." आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कोर्टात तारीख आहे." ताडपत्रीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. दोघांनी मिळून गाडी झाकली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला आवाजाचं सांगूनच देईन, म्हणाले. मी म्हटलं, बरं होईल.

परतताना दप्तर मीच चालवलं. हुबळीहून येताना नेहमी तू चालवायचास, आणि त्या दिवशी तू पुढे घेतलेली सीट अजून तुझ्याच मापाने आहे, इतके दिवस मी तशीच चालवतोय. ती मी आजही मागे घेतली नाही. उणकल गेलं, नवलूर गेलं. रेडिओ बंद, काचा बंद. या लहानशा गाडीचं इंजिन मी पहिल्यांदा नीट ऐकलं. एकसारखं चालतं रे. काही लपवत नाही. तू त्या दिवशी हेच ऐकत होतास का?

सप्तापूरला तुझ्या फाटकासमोर गाडी उभी केली. वहिनींना सांगायचं आहे की तू हुबळीला कुठे गेला होतास. पण उतरण्याआधी तुझ्याशी हे बोलून घेतोय, कारण आपलं काहीतरी उलटं झालंय. इतकी वर्षं मी हो म्हणायचो आणि तू नाही म्हणायचास. या खेपेला तू ‘हो’ म्हणालास आणि मी ‘नाही’ सांगून आलो. तुला हे पटणार नाही, मला माहीत आहे. चेन बदलली असती, एवढं घाबरायचं काय, असं काही तरी म्हणशील. तर बोल. इंजिन बंद केलंय. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.